वळणाचा हिशेब

लग्नसराईत पत्रिका छापायला एखाद्या डीटीपीच्या दुकानात गेलात, तर चहा येईपर्यंत ऑपरेटरच्या पाठीमागे उभे राहून त्याचे काम जरूर पाहा. कुठल्या तरी जुन्या पत्रिकेवरचा गणपती स्कॅन करून त्याने पडद्यावर घेतलेला असतो. सोंडेच्या मुळाशी तो माउसची एक टिचकी मारतो. थोडे खाली जाऊन दुसरी मारतो आणि बटण न सोडता माउस तसाच ओढतो. त्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना मिशांसारख्या दोन सरळ काड्या फुटतात आणि मघाशी काठीसारखी सरळ असणारी रेघ सोंडेच्या कडेला बिलगत वळते. काडी लांब केली की बाक वाढतो, आखूड केली की उतरतो, फिरवली की रेघेची दिशा बदलते. पाच-सात ठिपक्यांत सोंड पुरी होते. हा गणपती मग पत्रिकेवर इंचभर छापा नाहीतर मंडपाच्या कमानीवर दहा फुटांचा करा, त्याची कड कुठेही दातेरी होत नाही.

कोरल ड्रॉ या ज्या सॉफ्टवेअरवर आपल्याकडच्या कित्येक दुकानांचा संसार चालत आला, त्यात या हत्याराचे नाव 'बेझियर टूल' असे आहे. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप यांत त्याच जातीचे हत्यार 'पेन टूल' म्हणून येते. 'बेझियर' हा शब्द दिवसातून पन्नासदा डोळ्यांखालून जात असला, तरी तो काय आहे याची चौकशी सहसा कोणी करत नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. फ्रेंच माणूस त्याचा उच्चार 'बेझिए' असा करील.

पिएर बेझिए चित्रकार नव्हते. संगणकाच्या धंद्यातलेही नव्हते. ते मोटारीच्या कारखान्यातले इंजिनिअर होते आणि त्यांनी आपली सबंध नोकरी एकाच कारखान्यात काढली. पत्रिकेवरच्या गणपतीची सोंड त्यांच्या युक्तीने वळते ती कशी, याची ही हकीकत आहे.

घराणेच इंजिनिअरांचे

बेझिए यांचा जन्म १ सप्टेंबर १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील इंजिनिअर आणि आजोबाही इंजिनिअर. मुलानेही तीच वाट धरली. १९३० साली त्यांनी यंत्रशास्त्राची पदवी घेतली आणि लगेच पुढच्या वर्षी विद्युतशास्त्राची. १९३३ साली ते पॅरिसजवळच्या बियांकूर येथील रेनो कंपनीच्या कारखान्यात रुजू झाले आणि १९७५ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, तिथेच राहिले.

दोन पदव्या हाती असूनही सुरुवात झाली ती यंत्रांवर हत्यारे बसवण्याच्या कामापासून. पुढच्याच वर्षी ते हत्यारांचे आराखडे करू लागले. पुढे दुसरे महायुद्ध आले, फ्रान्स पडले आणि बेझिएही जर्मनांचे युद्धकैदी झाले. युद्ध संपले त्या १९४५ साली ते रेनोच्या हत्यार-आराखडा विभागाचे प्रमुख झाले होते. त्याच वर्षी फ्रेंच सरकारने रेनो कंपनी ताब्यात घेऊन तिचे राष्ट्रीयीकरण केले.

युद्धानंतरच्या मोडलेल्या फ्रान्सला स्वस्त आणि छोटी गाडी हवी होती. रेनोने ती 'फोर सीव्ही' या नावाने काढली आणि दहा लाखांच्या वर खपवली. इतक्या गाड्यांचे सुटे भाग जुन्या पद्धतीने, एकेका यंत्रावर एकेक कारागीर बसवून होणारे नव्हते. १९४८ साली उत्पादन-तंत्राचे संचालक असलेल्या बेझिए यांनी त्यासाठी यंत्रांच्या साखळ्या उभ्या केल्या. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा एका टोकाने आत शिरायचा, एका यंत्राकडून आपोआप दुसऱ्याकडे सरकत जायचा, आणि भोके, खाचा, घासाई असे सगळे संस्कार होऊन दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचा. पुढे १९५७ साली यंत्रहत्यार विभागाचे संचालक झाल्यावर आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे भोके पाडण्याचे आणि कातण्याचे यंत्रही त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. युरोपातल्या अशा पहिल्या काही यंत्रांपैकी ते एक होते.

इथवरची कहाणी एका कर्तबगार कारखानदारी अधिकाऱ्याची आहे. अशी माणसे प्रत्येक मोठ्या कारखान्यात असतात, आणि निवृत्तीच्या समारंभानंतर त्यांची नावे फारशी कोणी काढत नाही. बेझिए यांचे नाव जगभर गेले ते पन्नाशीला पोचल्यावर त्यांनी हाती घेतलेल्या एका कामामुळे.

एका वळणावरून भांडण

गाडीच्या इंजिनाचे भाग बहुतेक गोल, चौकोनी, सपाट. त्यांचे माप सांगता येते. इतका व्यास, इतकी खोली, इतके अंतर असे सांगितले की संपले. गाडीच्या अंगाचे तसे नसते. बॉनेटचा उतार, चाकावरचा फुगवटा, दाराची घडण यांतले एकही वळण वर्तुळाचा तुकडा नसते. ते चित्रकाराच्या डोळ्याला बरे वाटलेले वळण असते. असले वळण दुसऱ्या माणसाला सांगायचे कसे?

त्या काळी ते एका हातातून दुसऱ्या हाती जायचे. आधी रंगसंगती-आकार ठरवणारे कलावंत लहान चित्रे काढत. त्यावरून मातीचे प्रारूप होई. त्याची मापे घेऊन आराखडेवाले गाडीएवढ्या मोठ्या कागदांवर लवचिक पट्ट्या आणि लाकडी वळणपट्ट्या लावून पुरी रेघ ओढत. त्यांच्यावरून पत्र्याचे साचे कापले जात आणि ते साचे लावून लाकूड व प्लास्टर यांचे एक अस्सल प्रारूप घडवले जाई. साच्यांच्या मधल्या जागा कारागीर हाताने आणि नजरेने भरून काढी. अखेरचा शब्द याच प्रारूपाचा. पत्रा दाबण्याचे डाय त्यावरूनच बनत.

चित्रापासून डायपर्यंत वळण असे पाच-सहा वेळा नकलले जाई आणि दर वेळी केसभर बदले. गाडीचे दार नीट बसेना की वाद सुरू. कलावंत म्हणणार, मी काढले होते ते हे नव्हेच. आराखडेवाला आपला कागद दाखवणार, साचेवाला आपला साचा. प्रत्येकाचे आपल्यापुरते बरोबर असे. मग दुरुस्त्या, पुन्हा दुरुस्त्या, त्यांत जाणारे महिने आणि पैसा. बेझिए यांनी हत्यारे बनवण्यात आयुष्य घालवलेले असल्यामुळे या भांडणांचा शेवट त्यांच्याच दारात येत असणार, हे उघड आहे.

१९६० साली त्यांनी या दुखण्याच्या मुळाशी हात घातला. वळणालाच जर आकड्यांत बांधता आले, तर नकलण्याचा प्रश्नच उरत नाही. कलावंताच्या टेबलावर जे आकडे, तेच आराखड्यात आणि तेच कातणाऱ्या यंत्रात. मात्र त्यांची एक अट होती. हे हत्यार वापरणाऱ्याला गणित येण्याची गरज पडता कामा नये. तो पेन्सिलीचा माणूस आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे.

ही कल्पना कारखान्यातल्या लोकांना चमत्कारिक वाटली. १९८२ साली बेझिए यांनी या सगळ्याच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या लेखाच्या शीर्षकातही त्यांनी तिला विचित्र कल्पनाच म्हटले.

काड्यांची युक्ती

वळण आकड्यांत बांधायचे म्हणजे काय, हे समजायला आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीइतके चांगले उदाहरण नाही. काही रांगोळ्यांत रेघ ठिपक्यांवरून जाते. काहींत ती ठिपक्याला स्पर्श न करता त्याला वळसा घालून जाते. ठिपका रेघेवर नसतो, पण रेघेला वळण लावण्याचे काम तोच करतो.

साधे मन म्हणेल की वळणावरचे पाच-पंचवीस बिंदू नोंदवावेत आणि त्या सगळ्यांतून जाणारी रेघ गणिताने काढावी. पण असे केले की रेघ प्रत्येक बिंदूला शिवण्याच्या खटाटोपात मध्येच हेलकावे खाऊ लागते. गाडीच्या पत्र्यावर तो हेलकावा लगेच दिसतो. बेझिए यांच्या पद्धतीत मोजके बिंदू घेतात. आपल्या ओळखीच्या पेन टूलमध्ये वळणाच्या प्रत्येक तुकड्याला चार असतात. पहिल्या बिंदूपासून रेघ निघते आणि चौथ्यावर थांबते. मधल्या दोघांना ती सहसा शिवत नाही, फक्त त्यांच्याकडे ओढली जाते. पहिल्या बिंदूतून ती दुसऱ्याच्या दिशेने निघते आणि चौथ्यात शिरताना तिसऱ्याच्या दिशेने येते. ऑपरेटरच्या पडद्यावरच्या त्या मिशा म्हणजे हेच मधले बिंदू आहेत.

हे वळण घरी कागदावर काढून पाहता येते. मुलांना बरोबर घ्या. चार ठिपके द्या आणि ते क्रमाने तीन सरळ रेघांनी जोडा. प्रत्येक रेघेचा मध्य काढा. हे झाले तीन ठिपके. ते क्रमाने जोडून दोन रेघा काढा आणि त्यांचे मध्य घ्या. उरले दोन ठिपके. ते जोडून त्या रेघेचाही मध्य काढा. हा शेवटचा ठिपका नेमका वळणावर पडतो आणि शेवटची ती रेघ वळणाला त्या जागी स्पर्श करते. मध्याऐवजी सगळीकडे पाव अंतरावर ठिपका घेतला, तर वळणावरचा दुसरा एक ठिपका मिळतो. असे आठ-दहा काढून जोडले की वळण डोळ्यांसमोर उभे राहते. ऑपरेटर चालू रेघेवर मध्येच नवा बिंदू टाकतो आणि तरीही तिचा आकार तसूभर हलत नाही, तो याच मांडणीमुळे. एका वळणाचे दोन तुकडे होतात आणि दोघांचे नवे चार-चार बिंदू आपल्या कागदावर आधीच तयार असतात.

या रेघेचे आणखी काही गुण असे की ते कारागिराला विश्वासाचे वाटावेत. चार बिंदूंभोवती दोरी ताणून जे कुंपण होईल, त्याच्या बाहेर रेघ कधी जात नाही. आकार मोठा करायचा, फिरवायचा किंवा सरकवायचा असेल, तर फक्त बिंदू हलवायचे, रेघ मागून आपोआप येते. सपाट कागदावर चार बिंदू म्हणजे अवघे आठ आकडे. ज्या वळणासाठी पूर्वी पत्र्याचा साचा डोक्यावर वाहून न्यावा लागे, ते आता आठ आकड्यांत मावू लागले. उणीवही आहे. या रेघेने अचूक वर्तुळ कधीच निघत नाही. चार तुकडे जोडून, काड्यांची लांबी त्रिज्येच्या ०.५५ पट इतकी ठेवली, की निघते ते वर्तुळासारखे. फरक दहा हजारांत तीन भागांहूनही कमी, म्हणजे बांगडीच्या चित्रात डोळ्याला दिसणारा नव्हे.

रेनोत या सगळ्याला 'युनिसर्फ' असे नाव मिळाले. आकडे दिले की यंत्र मोठ्या टेबलावर पूर्ण आकाराची रेघ ओढी. कलावंत ती पाही, नापसंत असेल तर बिंदू हलवी, यंत्र पुन्हा ओढी. मनासारखी झाली की तेच आकडे कातणाऱ्या यंत्राला जात आणि प्रारूप तयार होई. १९६८ साली ही पद्धत सुरू झाली. १९७५ पासून ती पूर्णपणे वापरात आली, आणि पुढे रेनोतली सुमारे १,५०० माणसे तिच्या आधाराने काम करू लागली.

आधी कोण?

हकीकत इथेच संपवली तर ती अपुरी राहील. कारण हे वळण बेझिए यांच्या आधी एकाने काढले होते, आणि तेही त्याच पॅरिसमध्ये.

सित्रोएन ही रेनोची प्रतिस्पर्धी कंपनी. १९५८ साली तिथे पॉल द कास्तेल्झो नावाचा तिशीही न गाठलेला गणितज्ञ नोकरीला लागला. मघाशी आपण कागदावर मध्य काढत गेलो, ती रीत त्याची. १९५९ सालीच त्याने ती टिपणात लिहून ठेवली होती. पण सित्रोएनने हे काम गुपित म्हणून कडीकुलपात ठेवले. द कास्तेल्झो यांना ते छापता येईना आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताही लागला नाही.

रेनोत मात्र बेझिए लिहीत राहिले. १९६६ पासून त्यांचे लेख प्रसिद्ध होऊ लागले. १९७० साली पुस्तक आले, १९७२ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. बेझिए यांनी सुरुवातीला आपली रेघ दोन नळकांड्यांच्या छेदातून काढली होती आणि त्यांची मांडणी जराशी आडवळणाची होती. १९७२ साली रॉबिन फॉरेस्ट या ब्रिटिश संशोधकाने ती उलगडून दाखवली. मुळाशी सेर्गेई बर्नस्टाइन या गणितज्ञाची १९१२ सालची सूत्रे निघाली. त्या गणितज्ञाने ती निव्वळ एका सिद्धांताच्या सिद्धतेसाठी मांडली होती. गाडीच्या बॉनेटशी तिचा काही संबंध नव्हता.

जगाने जे वाचले त्यावर लिहिणाऱ्याचे नाव घातले. वळण 'बेझिए वक्र' झाले. द कास्तेल्झो यांच्या जुन्या टिपणांचा शोध बाहेरच्या अभ्यासकांना लागला तो सत्तरीच्या दशकाच्या मध्यास, आणि त्यांची ती मध्य काढण्याची रीत पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

अशा वेळी माणसे काय करतात हे आपण पाहतो. तारखा काढतात, कज्जे करतात, निदान गप्प बसतात. बेझिए यांनी पुढे आपल्या लेखनात या विषयाकडे फ्रान्समध्ये पहिल्यांदा लक्ष दिले ते सित्रोएनने, हे स्वच्छ नोंदवले आणि द कास्तेल्झो यांच्या बुद्धीची मोकळ्या मनाने तारीफ केली. नाव आपल्याला मिळून चुकले होते, ते परत देणे त्यांच्या हाती नव्हते. खरे काय ते लिहून ठेवणे हाती होते, ते त्यांनी केले. २०१२ साली घन आकारांच्या गणिताचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने द कास्तेल्झो यांना पुरस्कार दिला. त्या पुरस्काराचे नाव होते बेझिए पुरस्कार. २०२२ साली द कास्तेल्झो गेले.

बेझिए १९६८ ते १९७९ पॅरिसमधल्या कला आणि उद्योगांच्या राष्ट्रीय विद्यालयात प्राध्यापकही होते. रेनोतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, १९७७ साली, त्यांनी पॅरिस विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट मिळवली. नातवंडे खेळवण्याच्या वयात परीक्षकांपुढे प्रबंध घेऊन उभ्या राहिलेल्या या माणसाला त्या पदवीने बढती मिळणार नव्हती की पगारवाढ. १९८५ साली संगणकीय चित्रणाच्या क्षेत्रातले मानाचे स्टीव्हन कून्स पारितोषिक अमेरिकेत त्यांना मिळाले. २५ नोव्हेंबर १९९९ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, ते वारले.

गाडीतून अक्षरात

गाडीचे वळण अक्षरात आले ते अमेरिकेत. १९८२ साली जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी अडोबी कंपनी काढली आणि १९८४ साली छपाईसाठी 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा आणली. तिच्यात अक्षराची कड बेझिए वक्रांनी सांगितली जाते, त्यामुळे अक्षर कितीही मोठे केले तरी फाटत नाही. १९८७ साली आलेल्या इलस्ट्रेटरने हेच वळण पेन टूलच्या रूपाने चित्रकाराच्या हाती दिले. वॉर्नॉक यांच्या पत्नी स्वतः ग्राफिक डिझायनर होत्या, हा घरातला धागाही त्यामागे होता. १९९१ साली फोटोशॉपच्या दुसऱ्या आवृत्तीत पेन टूल आले आणि छायाचित्रातला माणूस कडेने नेमका कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवणे सोपे झाले.

आपल्याकडे त्याच दशकात छापखान्यांतून शिशाचे खिळे हद्दपार झाले. पुण्याच्या सी-डॅकचे फाँट असोत की श्रीलिपीचे, त्यांतल्या 'क'चा गोलवा, 'ळ'ची गाठ, वेलांटीची कमान ही सगळी या वळणाची, नाहीतर एकाच मधल्या बिंदूवर भागवणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाची करामत. छापखानेवाला 'फाइल कर्व्ह करून आणा' असे सांगतो, तेव्हा अक्षरांचे फाँटशी असलेले नाते तोडून नुसती बेझिए वळणे ठेवा, असे त्याचे म्हणणे असते. मग त्याच्याकडे तो फाँट नसला तरी जोडाक्षर मोडत नाही. मात्र एकदा कर्व्ह झाले की ते अक्षर राहत नाही, चित्र होते. आत्याबाईंचे नाव चुकले असेल तर कर्व्ह करण्याआधीच पाहून घ्यावे.

या वळणाने काही हात रिकामेही केले. रेनोतले ते प्लास्टर घासणारे, नजरेने फुगवटा भरून काढणारे कारागीर, आपल्याकडचे खिळे जुळवणारे कंपोझिटर, ब्लॉक करणारे, दुकानाच्या पाटीवर एका झटक्यात 'श्री' काढणारे पेंटर यांचे कसब कुठल्याही आठ आकड्यांत उतरले नाही. त्यांची वळणे त्यांच्याबरोबर गेली. दुसरीकडे, ज्याच्या हातात तसे कसब नाही अशा विशीतल्या मुलाला बेझिए यांनी सफाईदार रेघ ओढण्याची सोय करून दिली, आणि त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या.

चांगला ऑपरेटर ओळखायचा असेल तर त्याचे ठिपके मोजावेत. नवशिका सोंडेवर पन्नास ठिपके मारतो आणि सोंड खडबडीत होते. जाणकार वळण जिथे खरोखर बदलते तिथेच मोजके ठिपके देतो आणि बाकीचे काम काड्यांवर सोपवतो. पुढच्या खेपेला पत्रिकेचे प्रूफ पाहायला जाल तेव्हा दुकानातल्या मुलाला त्या हत्याराच्या नावामागचा हा माणूस सांगा, आणि जमले तर सित्रोएनमधला तो दुसराही.